‘सरकारनं फक्त बाजूला व्हावं’ म्हणणाऱ्यांना

गळीत हंगाम आला की आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडच्या शेतकरी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: शेतीत जे काही नवं झालं ते शेतकऱ्यानंच केलं, सरकारनं एकही शोध लावला नाही. अनुदानानं माणसं आळशी झाली. इस्रायलात सरकार शेतीत हात घालत नाही, न्यूझीलंडनं १९८४ साली अनुदानं बंद केली, म्हणून दोन्ही देश पुढं गेले. कृषी विद्यापीठांना टाळं ठोका, सगळं यूट्यूबवर आहे. सरकारनं फक्त बाजूला व्हावं. खाली अंगठे आणि जोडलेले हात.

लिहिणाऱ्याचा राग खोटा नाही. अनुदानाच्या फायलीमागं हेलपाटे घातलेल्या कुणालाही तो कळेल. पण रागातून काढलेला निष्कर्ष आपल्यालाच महागात पडणारा आहे.

‘सरकारनं एकही शोध लावला नाही.’ शेतकऱ्यानं शोध लावले, हे निम्मं खरं. अथणीकडच्या बागांत दिसणारी तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या बागायतदारानं निवडली. चंद्रपूरच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी भात शोधला. पण त्यांची गोष्ट पुढंही वाचावी. बियाणं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं नेलं, १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ नावानं वाण आलं आणि दादाजींच्या हातात काही पडलं नाही. शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदा २००१ साली झाला. शोध शेतकऱ्यानं लावला तरी त्याचं दाम त्याला मिळवून द्यायला कायदाच लागतो.

आता आपल्या मुख्य पिकाकडं बघू. को ८६०३२ हा ऊस ओळखत नाही असा शेतकरी या पट्ट्यात सापडणार नाही. तो कोइमतूरच्या सरकारी ऊस पैदास संस्थेचा. नावातला ८६ म्हणजे १९८६ साल, आणि लागवडीसाठी तो अधिकृतपणे आला २००० साली. एवढी वर्षं थांबायला कोणती खासगी कंपनी तयार होईल? त्यातून ऊस कांडीवर वाढतो. एकदा बेणं रानात आलं की शेतकरी ते स्वतः राखतो, भावकीत देतो, पाव्हण्याला देतो. कंपनीला दर वर्षी पुन्हा विकायला काही उरतच नाही. म्हणून संकरित मक्याच्या बियाण्याला कंपन्यांची रांग लागते आणि उसाच्या वाणासाठी कोइमतूर नाहीतर पाडेगावच्या सरकारी ऊस संशोधन केंद्राकडं बघावं लागतं. कापसातही सरकारी संशोधनाचा हात आहेच. व्यापारी लागवडीचा पहिला आंतरप्रजातीय (दोन वेगळ्या प्रजातींचा) संकर, वरलक्ष्मी, १९७२ साली धारवाडच्या सरकारी केंद्रातून बाहेर पडला. धारवाड आपल्यापासून काही परदेशात नाही.

इस्रायल आणि न्यूझीलंडवर फार शाई खर्च करायची गरज नाही. इस्रायलात १९५९ च्या कायद्यानं देशातलं सगळं पाणी सरकारी मालकीचं आहे. शेतकऱ्याला कोटा मिळतो आणि पाणी मीटरनं मोजलं जातं. ठिबक तिथं फोफावलं त्यात या मोजमापाचा मोठा वाटा आहे. आपल्या हिडकल धरणाच्या कालव्यावर असा मीटर बसवायचं नुसतं नाव काढून बघा! न्यूझीलंडनं अनुदानं बंद केली, पण सरकारी पैशावरचं संशोधन ठेवलं. शिवाय तिथल्या मेंढपाळाच्या शेकडो एकरांचा हिशेब आपल्या दीड-दोन एकराला लावणं हा विनोदच आहे.

‘सगळं यूट्यूबवर आहे.’ आहे की. एक डोळा रोपांची लागण, पाचट न जाळता कुजवणं, हे पुष्कळ जण तिथूनच शिकले. पण या भागात जेएस ३३५ सोयाबीनवर तांबेरा आला, तेव्हा फवारणीचा व्हिडिओ बघून रोग काही काळ आवरला असेल. तांबेऱ्याला दाद न देणारं डीएसबी २१ हे वाण मात्र धारवाडच्या विद्यापीठात तयार झालं. कृष्णाकाठची क्षारपड जमीन घ्या. भूमिगत निचऱ्याच्या पाइपा एकट्यानं घालून भागत नाही, कारण पाणी शेवटी चार जणांच्या बांधाखालून ओढ्याला न्यावं लागतं. त्यातला एक जरी आडवा आला तरी काम बंद. असली कामं एकतर गावानं करायची, नाहीतर सरकारनं.

यूट्यूबकडं आपला शेतकरी वळतो त्याचं आणखी एक कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं नाही. रयत संपर्क केंद्रातली (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयातली) पत्रकं, योजनेच्या अटी, कीड-रोगाचा सल्ला, सगळं कन्नडमध्ये. मराठी माणूस मग कोल्हापूरचा व्हिडिओ लावतो आणि महाराष्ट्रातल्या योजनेचे आकडे कर्नाटकच्या खिडकीवर जाऊन सांगतो. जिथं एखादी भाषा बोलणारे किमान १५ टक्के आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींत फार पूर्वीच मान्य झालं आहे. सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत तांबेऱ्याचा सल्ला मराठीत छापू नये असं कुठं म्हटलंय?

आता अनुदान आणि आळस. इथं जरा थांबू, कारण खरी गोम इथं आहे. शेतकरी आळशी होत नाही. ज्याचे पैसे मिळतात त्यात तो डोकं लावतो. कर्नाटकात ठिबकला दोन हेक्टरपर्यंत नव्वद टक्के अनुदान आहे. त्याच कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट. एका हातानं पाणी वाचवायला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं ते वाचवायचं कारणच काढून घ्यायचं. वीज रात्री कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून ऑटो स्टार्टर लावलेला असतो. लाइट आली की मोटार सुरू, पाणी सरीत मावेना. अशा रानात ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर पडलेल्या दिसल्या तर दोष नळीचा नाही आणि शेतकऱ्याचाही नाही.

उसाच्या दराचंही तसंच. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये, आणि उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३४.६० रुपये जादा. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते, ते वेगळं. ऐकायला ही योजना चांगल्या उसाला बक्षीस देणारी वाटते. पण उतारा धरतात तो सबंध कारखान्याचा सरासरी. समजा एकाच्या रानातला ऊस १२ टक्क्यांचा आणि शेजाऱ्याचा १० चा. सूत्र प्रत्येकाच्या उसाला लावलं असतं तर दोघांच्या टनामागं जवळजवळ ७०० रुपयांचा फरक पडला असता. प्रत्यक्षात दोघांना एकच दर. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडलं की साखर वाढते, हे प्रत्येक ऊसवाल्याला ठाऊक आहे. पण पाणी तोडलं की वजन घटतं, आणि बिल निघतं काट्यावरच्या वजनावर. मग पाणी कोण तोडेल? आपल्याकडं सगळी कल्पकता एकरी टनेज वाढवण्यात गेली, ती या काट्यामुळं. एकरी शंभर टनाचे सत्कार होतात, जादा उताऱ्याचा फेटा कुणाला बांधलेला मी पाहिला नाही. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याच्या उसातली साखर तपासून त्याचं बिल ठरतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले ते टनाला ३,५०० साठी. मागणी रास्तच होती. पण उताऱ्याचा प्रश्न तिथंही मागंच राहिला.

नवं करून बघणाऱ्याचा धोका कोण उचलतो, हाही प्रश्न आहेच. पीक विम्यात भरपाई ठरते ती ग्रामपंचायत किंवा होबळीच्या (काही गावांच्या महसुली मंडळाच्या) सरासरी उत्पन्नावर. गावाचं पीक बरं आलं आणि तुमचा नव्या वाणाचा अर्धा एकर बसला, तर विमा काही देत नाही. अशा वेळी शहाणा माणूस शेजाऱ्यानं आधी करून बघायची वाट बघतो, शेजारी त्याची बघतो.

शेवटचा मुद्दा, बाजूला होण्याचा. सरकारमुळं नुकसान होतं ते बऱ्याचदा हो किंवा नाही न सांगितल्यानं. धारवाडच्या विद्यापीठानं ज्या स्थानिक वांग्यांत बीटी (किडीला मारणारं) जनुक घातलं, त्यांत आपल्या रायबाग तालुक्यातल्या कुडचीचं वांगंही होतं. स्थानिक वाण परवानगीशिवाय वापरल्याचा आक्षेप निघाला, तो महत्त्वाचाच होता. ९ फेब्रुवारी २०१० ला बीटी वांग्याला स्थगिती मिळाली आणि विषय तिथंच गोठला. बांगलादेशानं २०१३ मध्ये मंजुरी देऊन टाकली. मी बीटीचा वकील नाही, पण एवढी वर्षं लोंबकळत ठेवणं म्हणजे धोरण नव्हे. इथेनॉलचं उलटं झालं. आधी कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करायला प्रोत्साहन दिलं आणि ७ डिसेंबर २०२३ ला, हंगाम ऐन भरात असताना, त्याच रसावर बंदी घातली. नंतर ती सैल केली, पण अशा धरसोडीनंतर नव्या यंत्रात पैसा घालायला कोण धजावेल?

तेव्हा फॉरवर्ड पाठवायचंच असेल तर त्यात एक मागणी घाला. एफआरपी हा किमान दर आहे, त्याच्या वर द्यायला कारखान्याला कुणी अडवलेलं नाही. पुढच्या हंगामात एका कारखान्यानं, ठिबक असलेल्या सभासदांपुरतं का होईना, गाडीगाडीचा नमुना काढून साखर तपासावी आणि जादा साखरेचे जादा पैसे त्याच शेतकऱ्याच्या बिलात घालावेत. तपासणीच्या यंत्राचा खर्च सरकारनं उचलावा. मग त्या सभासदांच्या रानात तोडणीआधी पाणी किती दिवस बंद राहतं ते मोजू.