दाढीच्या ब्रशबद्दलच्या एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

ब्रश ठरल्यापेक्षा उशिरा पोचला आणि महिन्याभरात मुठीला चीर गेली, याचा तुम्हाला त्रास झाला. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण "भंगारातलं फुकटचं लाकूड घासूनपुसून विकतात आणि वर एवढे पैसे लावतात" हे तुमचं वाक्य फार लागलं. आमचं घर याच कामावर चालतं आणि नवं गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी हेच वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जुनं सागवान फुकट मिळत नाही. पाडकामातून चौकट निघाली की ती घ्यायला चारजण उभे असतात. आणि समजा एखादा तुकडा कोणी असाच दिला, तरी तो आहे तसा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, चढत नाही. आत डोकी तुटलेले खिळे रुतलेले असतात. चुंबक फिरवून ते शोधायचे, पितळी स्क्रू तर चुंबकालाही सापडत नाहीत. एक जरी राहिला तरी करवतीचे दात जातात, आणि फिरत्या तुकड्यात हत्यार त्यावर अडकलं तर हाताला इजा होते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो खरवडताना मास्क लावावाच लागतो. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (लाकडातला तुरट अंश) यांचा तो डाग इतका खोल जातो की पॉलिश पेपरनं निघत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. शिवाय सांध्याच्या खाचा, वाळवीची भोकं, टोकाच्या भेगा. एवढं सगळं वगळून भल्यामोठ्या चौकटीतून मुठी निघतात त्या थोड्याच.

सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते आणि काम थांबवून पुन्हा पुन्हा लावावी लागते. लाकूड तेलकटही असतं, म्हणून केसांचा गुच्छ चिकटवण्याआधी भोक आतून अ‍ॅसिटोननं पुसून घेतो, नाहीतर इपॉक्सी हा गोंद नीट धरत नाही.

उशीरही इथूनच झाला. मूठ आधी जाडसर कातून ठेवतो, कारण जुनं लाकूड वरून वाळलेलं असलं तरी कापल्यावर आतून हलतं. ते स्थिरावलं की मगच शेवटचा आकार देतो. तुमची मूठ घाईनं उरकली असती तर वेळेत पोचली असती, पण अशी मूठ मी माझ्या हातून जाऊ देत नाही.

चिरेबद्दल एक सांगायलाच हवं. तुमच्याच फोटोत ब्रश गरम पाण्याच्या मगमध्ये मुठीसकट उभा आहे. लाकूड पाण्यानं रेषांच्या आडवं फुगतं, रेषांच्या दिशेनं उभं जवळजवळ फुगत नाही. गुच्छाच्या भोकाशी रेषांची तोंडं उघडी असतात, तिथून पाणी आत शिरतं आणि रोज फुगणं-आटणं झालं की लाकूड रेषेनं उकलतं. साधा इपॉक्सीही 50-60 अंशांपुढे मऊ पडायला लागतो. ब्रशसोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, फक्त केस कोमट पाण्यात भिजवा, नंतर झटकून मोकळ्या हवेत ठेवा. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, पण "कच्चं काम" असं सगळ्यांसमोर म्हटल्यावर गप्प कशी बसू?

तरीही ब्रश परत पाठवा, येण्याजाण्याचा खर्च आमचा. फोटोत गुच्छ चांगला दिसतोय. मूठ चिरलेलीच आहे, ती फोडून गुच्छ सोडवू आणि नव्या मुठीत बसवून देऊ. तो सोडवताना खराब झाला तर नवा घालू. चिठ्ठी यापुढे मोठ्या अक्षरांत छापू, आणि उशीर होणार असेल तर आधी कळवण्याचीही काहीतरी सोय करतो आहोत.

एकच विनंती. तारे द्या किंवा देऊ नका, अभिप्रायातला "फुकटचं" एवढा शब्द मात्र जमलं तर काढा.