शार्पनिंग शेवटी नको, स्ट्रेचच्या आधी करा

तेजोमेघांच्या फोटोंवर संगणकात प्रक्रिया कशी करायची, यावरच्या लेखात म्हटलंय की सगळ्या फिल्टरमधून घेतलेले फोटो एकत्र करून, रंग जुळवून झाल्यावर शेवटी शार्पनिंग करावं. हे मला पटत नाही. डिकन्व्होल्यूशन (पसरलेला प्रकाश गणिताने पुन्हा गोळा करून धार आणणं) डेटा लिनिअर असतानाच, म्हणजे स्ट्रेच करून फिके भाग उजळण्याआधीच, करायला हवं. वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका किती पसरलाय ते त्याच अवस्थेत नीट मोजता येतं. एकदा स्ट्रेच केलं की ताऱ्यांचा आकार बदलतो आणि सगळं गणित कोलमडतं. जोरकस नॉइज रिडक्शनही डिकन्व्होल्यूशननंतरच.

आणि करायचं ते फक्त ल्युमिनन्सवर, म्हणजे उजेडाच्या थरावर. आरजीबी, म्हणजे रंगांचा थर, जरा मऊ राहिलं तरी चालतं, कारण बारकावे आपला डोळा उजेड-अंधाराच्या फरकातून टिपतो, रंगातून फारसे नाही. नॅरोबँडमध्ये (एकेका वायूचा ठरावीक प्रकाशच टिपणाऱ्या फिल्टरांत) ल्युमिनन्सची जागा बहुधा एच-अल्फा घेतो, हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. ऑक्सिजनचा ओ-थ्री पुष्कळदा इतका फिका असतो की धार लावायला गेलं तर नॉइजचेच दाणे टोकदार होतात. (व्हेल (Veil) तेजोमेघ अपवाद, तिथे ओ-थ्रीचे तंतू स्वतःच ठसठशीत असतात.)

माझ्या एम १६ च्या (गरुड तेजोमेघाच्या) फोटोत स्तंभांच्या कडा सुरेख आल्या होत्या. १०० टक्के झूम केलं तर प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती काळं कडं! तारे झाकणारा स्टार मास्क लावला, डिकन्व्होल्यूशनच्या फेऱ्या (इटरेशन्स) ५० वरून १५ वर आणली, तेव्हा कडी गेली. स्तंभ थोडे सौम्य झाले, पण खरे वाटायला लागले.

शेवटी तारे वेगळे काढून तेजोमेघाला हलका लोकल कॉन्ट्रास्ट द्यायला माझी हरकत नाही.