यंत्राची खेचरं आली म्हणून फौजेला जनावरांचा डॉक्टर नको?

आज सकाळपासून डोकं तापलंय. ओळखीतल्या एका गृहस्थांचा मुलगा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. त्याला फौजेत जायचंय, रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये, म्हणजे फौजेतली जनावरं सांभाळणाऱ्या दलात. वडील मला म्हणाले, "कर्नलसाहेब, तुम्हीच समजवा त्याला. पुण्यात २०२५ च्या आर्मी डे परेडला यंत्राची खेचरं, म्हणजे ओझं वाहणारे चार पायांचे रोबो, चालताना अख्ख्या देशाने बघितले. आता तिथं जनावरांच्या डॉक्टरला काय काम उरलंय? त्यापेक्षा एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी होऊ दे, लग्न तरी जमेल."

मुलगा शेजारीच मान खाली घालून उभा. त्याच्यासमोर त्याच्या बापाला काय बोलणार? जे तिथं गिळलं ते इथं लिहितोय.

काश्मीरमधल्या गुरेझकडची गोष्ट आहे. मी याच कोअरमधला पशुवैद्य, नवाकोरा कॅप्टन. राझदान खिंड बर्फाने बंद झाली की तिकडे रस्त्याने काही यायचं नाही, आणि तळावरून पुढच्या चौक्यांना रेशन, रॉकेल, दारूगोळा जायचा तो खेचरांच्या पाठीवर. एका रात्री एक खेचर पोटशुळाने लोळायला लागलं. घोड्याला, खेचराला उलटी करता येत नाही हे किती जणांना माहीत असतं? जठरात वायू आणि पाणी साठत गेलं की ते आतल्या आत फुटतं आणि जनावर तडफडून मरतं. नाकातून नळी घालून तो दाब सोडवायचा, तोही कंदिलाच्या उजेडात, लाथ चुकवत. मग बाही काढून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि आतडं चाचपायचं. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली. सलाइनच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून जवानांनी त्या आपापल्या कोटात छातीशी धरून ठेवल्या होत्या.

यंत्रं येऊ देत. त्यामुळे कड्यावरून घसरणारं एक जरी खेचर वाचलं तरी मला आनंदच आहे, एवढं मान्य. पण फौजेतला पशुवैद्य फक्त खेचरांसाठी असतो हे कुणी सांगितलं तुम्हाला?

स्फोटकं हुंगणारी, अतिरेक्यांवर झेपावणारी कुत्री कोण सांभाळतं? ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागजवळ दोन गोळ्या लागलेला झूम नावाचा कुत्रा श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात मृत्यूशी झुंजला आणि १३ तारखेला गेला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अखनूरला फँटम गेला. दोन्ही वेळा सगळ्यांनी फोटो टाकले, हात जोडले. बरोबरच केलं. पण त्या झूमवर शस्त्रक्रिया करणारे, त्याच्या उशाशी जागणारे डॉक्टर मला एकाच्याही पोस्टमध्ये दिसले नाहीत. कुत्रं शहीद झालं की देशाला दिसतं. त्याला जगवायला धडपडलेला माणूस कुणाला दिसत नाही, आणि ह्याचाच मला संताप येतो.

जवानांच्या ताटात जाणारं मटण तपासणं, छावणीत रेबीज पसरू न देणं, सीमेवरच्या गावांत बकरवाल मेंढपाळांच्या शेळ्या-मेंढ्यांसाठी शिबिरं घेणं ही कामंसुद्धा आमचीच. दक्षिण लेबनॉनमध्ये शांतिसेनेत गेलेल्या भारतीय तुकडीबरोबर पशुवैद्य असतो आणि तिथले शेतकरी आपल्या गाई-शेळ्या घेऊन त्याच्याकडे येतात. आणि आपल्या म्हशींना, घोड्यांना होणारा सर्रा रोग? त्याचा जंतू १८८० साली पंजाबात रक्ताच्या थेंबात पहिल्यांदा पाहिला तो ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने. इंग्रजांच्या फौजेतला होता, पण त्या शोधाचा फायदा आपल्याच गोठ्यांना होतोय ना?

ढोरडॉक्टर म्हणून नाक मुरडणारी माणसं म्हैस अडली की मध्यरात्री त्याच डॉक्टरच्या दारात उभी असतात. मी लहानपणापासून बघत आलोय.

असो. त्या खेचराचं सांगत होतो. त्याचा ड्रायव्हर आपल्या जतचा होता. फौजेत खेचर हाकणाऱ्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. खेचराला नाव नसतं, खुरावर नंबर असतो. १५३२८ नंबरचं खेचर पेडोंगी या नावाने गिनीज बुकापर्यंत गेलं, पण ते एखादंच. ह्या पोराने मात्र आपल्या खेचराचं नाव सर्जा ठेवलं होतं. रात्रभर त्याच्या कानाशी बसून एकच चाललं होतं, "उठ रे बाबा सर्जा, डॉक्टरसाहेब आहेत नव्हं." मध्यरात्री वरून विचारणा झाली की वाचणार नसेल तर हाल कशाला, संपवून टाका. तेही काम आमचंच असतं. पाय मोडलेल्या जनावराला मी स्वतःच्या हाताने मुक्ती दिलेली आहे, ते कधी विसरता येत नाही. पण त्या रात्री मी सांगितलं, पहाटेपर्यंत थांबा. नाडी सुधारत होती आणि माझा माझ्या हातावर विश्वास होता.

पहाटे सर्जाने लीद टाकली. ड्रायव्हरने ती गरम लीद दोन्ही ओंजळीत घेतली आणि मला दाखवायला पळत आला. रडत होता. नंतर कुणी छातीवर काहीही लावलं तरी मला त्या ओंजळीएवढं मोठं वाटलं नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या वडिलांची काळजी मलाही कळते. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी, पहिलं पाच वर्षांचं, पुढची वाढ मिळेलच याची हमी नाही. जागा मोजक्या. पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकला तर पैसा जास्त मिळेल, हेही खरं. पण पदवी घेऊन बाहेर पडलेला पोरगा थेट कॅप्टन होतो आणि त्या वयात त्याच्या एका शब्दावर रात्री तळ जागा राहतो. हे त्याला दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

परभणी, उदगीर, नागपूर, परळ, शिरवळ इथं शिकणाऱ्या मुलामुलींना सांगतो. बी.व्ही.एस्सी. पदवी हवी, वय २१ ते ३२. जाहिरातीवर लक्ष ठेवा. एसएसबी, म्हणजे फौजेचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला इंग्रजी अडखळतं म्हणून घाबरू नका, तयारी मी करून घेईन, पैसे घेणार नाही. इनबॉक्समध्ये या. आणि घरचे ऐकत नसतील तर त्यांचा नंबर द्या, त्यांच्याशी मी बोलतो.