नेटवर्क गेलं तरी घाबरू नका? त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात चार ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या मामाकडून. मजकूर थोडक्यात असा: "नेटवर्क गेलं तरी घाबरू नका. ११२ हा नंबर टॉवर नसतानाही थेट उपग्रहावरून लागतो. ब्लूटूथचं अ‍ॅप टाका, कात्रजपासून निगडीपर्यंत फुकट मेसेज जातात. दोन हजारांत वॉकीटॉकीची जोडी मिळते, दहा किलोमीटर चालते, लायसन लागत नाही. परवडत असेल तर दुबईहून येणाऱ्याकडून सॅटेलाइट फोन मागवा. घरी लँडलाइन असेल तर प्रश्नच नाही, ती कधीच बंद पडत नाही. रेडिओ आणि हॅम आता इतिहासजमा झाले. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल."

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण २५ जुलै २०२४ च्या पहाटे एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा काय झालं, ते आमच्या भागात सगळ्यांना आठवतंय. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने वीसहून जास्त माणसं नेली. अशा रात्री हा मेसेज खरा मानून कुणी निर्धास्त बसलं, तर त्याची किंमत फार मोठी आहे.

आधी ११२. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर बंद पडला, पण दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा चालू असला, तर ११२ त्या टॉवरवरून लागू शकतो. स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसतं ते याचसाठी. तेव्हा रेंज गेलेली दिसली तरी ११२ लावून बघायचाच. पण आसपास एकही टॉवर जिवंत नसेल तर ११२ सुद्धा लागत नाही. तो उपग्रहावरून जात नाही, आणखी कुठल्या गुप्त वाटेनेही जात नाही. आपल्याच जिल्ह्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला डोंगर गावावर आला आणि बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या माणसाला गाव जागेवर दिसेना, म्हणून त्याने कळवलं.

इथे जरा थांबतो, कारण 'नेटवर्क गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट समजणार नाही. पुरात टॉवर सहसा वाहून जात नाही. पाणी शिरलं की वीज बंद केली जाते, आणि ती करायलाच हवी. मग टॉवर बॅटरीवर चालतो, ती काही तास पुरते. त्यानंतर जनरेटर, पण रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेल पोचत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे रस्ता खचला आणि त्याच्याखालची फायबर, म्हणजे टॉवरला पुढच्या नेटवर्कशी जोडणारी तार, तुटली. टॉवर उभा असतो, फोनवर रेंजच्या काड्याही दिसतात, पण पुढे काही जात नाही. तिसरी तऱ्हा सगळ्यात नेहमीची: सगळं शाबूत असतं, पण लाखभर माणसं एकाच वेळी 'कुठे आहेस?' विचारायला फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही.

या तिसऱ्या वेळी साधा एसएमएस कामाला येतो. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, साधा एसएमएस. त्याला कॉलसारखी वाट सतत मोकळी लागत नाही. पलीकडचा फोन बंद असला तर तो कंपनीकडे थांबून राहतो आणि संधी मिळाली की पोचतो. म्हणून दहा वेळा कॉल करण्यापेक्षा एकच एसएमएस: "आम्ही तिघं सुखरूप, दुसऱ्या मजल्यावर कुलकर्ण्यांकडे, सकाळी ६." वेळ लिहायला विसरू नका, कारण तो सहा तासांनी पोचला तर वाचणाऱ्याला कळायला हवं की खबर कधीची आहे. आणखी एक. टॉवर सापडेना झाला की फोन सगळा जोर लावून तो शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. फोन विमान मोडवर ठेवा, तासाला पाच मिनिटं उघडा. मोठ्या वादळांत सरकार कंपन्यांना एकमेकांच्या ग्राहकांसाठी टॉवर खुले करायला सांगतं. तसा आदेश निघाला तर सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वर असायला हवी. आजच बघून ठेवा.

आता ब्लूटूथची अ‍ॅप. ती खोटी नाहीत. २०१९ साली हाँगकाँगच्या आंदोलनात लोकांनी ती वापरली, पण तिथे हजारो माणसं रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभी होती. असा मेसेज एका फोनवरून दुसऱ्या फोनवर उड्या मारत जातो. मोकळ्या जागेत एक उडी फार तर शंभरेक मीटरची, आणि काँक्रीटच्या भिंती मध्ये आल्या की त्याहून पुष्कळ कमी. कात्रज ते निगडी पंचवीसेक किलोमीटर. मधल्या प्रत्येक टप्प्यावर तेच अ‍ॅप चालू असलेला, चार्ज असलेला फोन हवा. पुराच्या रात्री लोक घराघरांत अडकलेले आणि फोन मरायला टेकलेले, तेव्हा ही साखळी जुळत नाही. एका इमारतीत, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर निरोप द्यायला ते जरूर उपयोगी आहे. मात्र ते आधी उतरवलेलं आणि एकदा वापरून पाहिलेलं हवं. नेटवर्क गेल्यावर अ‍ॅप उतरवता येत नाही, ही एवढी साधी गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

वॉकीटॉकीबद्दल दोन गोष्टी. दहा किलोमीटर हा खोक्यावरचा आकडा आहे. पर्वतीच्या माथ्यावर एक जण आणि सिंहगडावर दुसरा, मध्ये काही आड येत नाही, असं असेल तर कदाचित. नऱ्हे-धायरीच्या इमारतींमध्ये अशा छोट्या सेटचं अंतर काहीशे मीटरवर येतं. दुसरी गोष्ट कायद्याची. भारतात ४४६ मेगाहर्ट्झच्या अगदी छोट्या पट्ट्यात, कमी शक्तीचे हातातले सेट विनापरवाना चालतात. ऑनलाइन मिळणारे कितीतरी सेट त्याबाहेरचे असतात. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. चुकीच्या लहरीवर बोललात तर ऐन पुरात बचावकार्याच्या संभाषणात तुमचा आवाज घुसू शकतो. सोसायटीचं गेट आणि गच्ची जोडायला नियमातली जोडी घ्या, चांगली गोष्ट आहे. त्यापलीकडची अपेक्षा ठेवू नका.

सॅटेलाइट फोनबद्दल एवढंच: मागवू नका. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर त्यासाठी परदेशी प्रवाशांनाही अटक झालेली आहे. दुबईहून येणाऱ्या तुमच्या माणसाला त्या फेऱ्यात टाकू नका.

लँडलाइनचा मुद्दा आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या अनुभवातून आलाय आणि तेव्हा तो खरा होता. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून, त्याच तारेतून यायची. घरात अंधार असला तरी डायल टोन असायचा. आता बहुतेक घरांत फायबर आहे आणि फोन राउटरच्या खोक्याला जोडलेला. घरची वीज गेली की खोकं बंद, फोनही बंद. यावर उपाय मात्र स्वस्त आहे. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो असला आणि फायबर शाबूत असली, तर टॉवर बंद पडूनही वाय-फाय कॉलिंगने बोलता येतं. ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवावी लागते.

आणि शेवटचा मुद्दा, ज्याने मला हे लिहायला बसवलं. रेडिओ आणि हॅम इतिहासजमा. हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेस सेट चालवणारी मंडळी. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर हौशी केंद्र चालवण्यासाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमान-निकोबारचा जगाशी संपर्क तुटला, आणि त्यांच्या सेटवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातलगांपर्यंत पोचू लागली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ सालच्या भुजच्या भूकंपातही हॅम मंडळी धावून गेली होती. हॅमचा सेट गाडीच्या बॅटरीवर चालतो, त्याला टॉवर लागत नाही, आणि योग्य अँटेना असली तर तो दुसऱ्या राज्याशी बोलतो. परवाना मात्र लागतोच. त्यासाठी सरकारी परीक्षा आहे, बारा वर्षांचं मूलही देऊ शकतं. थोडी इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम. प्रत्येक सोसायटीत नको, पण एका पेठेत, एका उपनगरात दोन-तीन परवानाधारक असायला काय हरकत आहे? अभियांत्रिकी कॉलेजं पुण्यात पावलोपावली आहेत.

साधा रेडिओ तर प्रत्येक घरात हवा. आकाशवाणी पुणे मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. सेलवरचा ट्रान्झिस्टर आठवडाभर चालतो, आणि धरणातून किती पाणी सोडलं ही बातमी ऐकायला त्याला इंटरनेट लागत नाही. काही फोनमध्ये एफएम असतं, पण त्याला वायरवाला इअरफोन लागतो, तोच त्याची अँटेना. वायर नसलेल्या इअरफोनवर ते चालत नाही.

मेसेजात जे मुळीच नाही, ते आता सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा माझी आत्या तिथे होती. पुण्यातले आम्ही पाच जण दोन दिवस तिचा नंबर फिरवत होतो, आणि एकमेकांनाही, म्हणजे उरलेल्या लाइनीही आम्हीच अडवत होतो. आत्या पहिल्याच संध्याकाळी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होती. तिचा फोन पाण्यात गेला होता. शेजारच्या मुलाच्या फोनवरून तिने तिला पाठ असलेल्या एकमेव नंबरवर, नाशिकच्या नणंदेला, एसएमएस केला, आणि काही तासांनी तो पोचलाही. पण त्या बाईंकडे आमच्यापैकी एकाचाही नंबर नव्हता आणि आमच्याकडे त्यांचा. खबर नाशिकला येऊन पडली होती आणि आम्ही पुण्यात तिसऱ्या दिवसापर्यंत जेवत नव्हतो.

तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येकाच्या पाकिटात आणि मुलांच्या दप्तरात हाताने लिहिलेलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड आहे. त्यावर पहिला नंबर नाशिकचा. पूर आला तर पुण्यातल्यांनी एकमेकांना फोन करायचा नाही. सगळ्यांनी नाशिकला एक एसएमएस करायचा आणि तिथूनच विचारायचं. फोन अजिबात नसेल तर निघताना दाराला चिठ्ठी: कुठे गेलो, कोण कोण, किती वाजता. भेटायची जागा ठरलेली आहे, चढावरची शाळा. नदीकडची नाही.

सोसायटीतही एक यादी वॉचमनच्या केबिनमध्ये अडकवली आहे: कोण एकटं राहतं, कोण ऑक्सिजनवर आहे, कुणाला जिना उतरवत नाही. नेटवर्क नसताना या नऊ घरांची दारं कुणी वाजवायची, त्यांची नावंही समोरच लिहिली आहेत. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन तास सगळे फोन बंद ठेवून ते करून पाहिलं. तळमजल्यावरच्या आजींच्या दारापर्यंत पोचायला ठरलेल्या माणसाला अकरा मिनिटं लागली, कारण तो गच्चीवर होता. आता त्यांच्यासाठी दुसरं नावही लिहिलं आहे.