खुलासा : कोल्ट्रेनचा २०१८चा अल्बम संगणकाने बनवलेला नाही

पुण्यातल्या रेकॉर्डप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय : अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९६७ साली गेले, मग ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ २०१८ साली आला कसा? म्हणजे सॅक्सोफोन संगणकाचा. पुरावा काय, तर दोन्ही स्पीकरमधून आवाज अगदी सारखा येतो.

हे चूक आहे. २०१८ हे प्रकाशनाचं साल. ध्वनिमुद्रण ६ मार्च १९६३चं, न्यू जर्सीतल्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओतलं. पियानोवर मकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स. मूळ मास्टर टेप हरवली. उरली ती कोल्ट्रेन यांनी घरी नेलेली मोनो, म्हणजे एकाच चॅनलची टेप, पहिल्या पत्नीच्या कुटुंबाकडे राहिलेली. मोनोत दोन्हीकडे तेच वाजणार. ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबून बघा, फरक पडणार नाही. आवाज एका बाजूला झुकत असेल तर मात्र आधी वायर आणि कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा भाग) तपासा.

अल्बममधल्या ‘अनटायटल्ड ओरिजिनल ११३८३’ या रचनेच्या नावातल्या आकड्याचंही उगाच भांडवल झालंय. तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने ध्वनिमुद्रणाला दिलेला नोंदणी क्रमांक आहे. रचनेला नावच मिळालं नव्हतं. यात कोल्ट्रेन सोप्रानो सॅक्सोफोन वाजवतात आणि मध्येच गॅरिसन बासच्या तारांवर गज फिरवतात, तेवढं कान देऊन ऐका.