गल्ल्यात हत्ताजोडी ठेवणाऱ्यांनी फाशीची भाषा करू नये

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. घोरपडी पकडल्या म्हणून अटक झालेली तीन माणसं उकिडवी बसवलीत, मागे वनरक्षक उभे. खाली धडाधड कमेंट्स. 'उलटे टांगा.' 'गोळ्या घाला.' 'यांची जातच चोरांची.' इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण आपल्या घरांतून अजून गेलेला नाही.

आणि 'गोळ्या घाला' कुणी लिहिलंय? आमच्या मामांनी. त्यांच्या दुकानाच्या गल्ल्यात चांदीची डबी आहे, तिच्यात शेंदूर लावलेली हत्ताजोडी, म्हणजे पैसा यावा म्हणून पूजतात ती जोडलेल्या हातांसारखी वस्तू, आणि चार लवंगा. लक्ष्मीपूजनाला ती डबी पाटावर येते.

विकणारे सांगतात, ही रानातल्या दुर्मिळ झाडाची मुळी. मुळीबिळी काही नाही. ते नर घोरपडीचं कापून वाळवलेलं लिंग आहे, म्हणून ते जोडलेल्या हातांसारखं दिसतं. 2017 मध्ये हा धंदा जगासमोर आला, तेव्हा ऑनलाइन दुकानांत ते राजरोस मिळत होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घोरपड वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं गुन्हा, विकणं गुन्हा, विकत घेऊन घरात ठेवणंही गुन्हा. शिक्षा 3 ते 7 वर्षं. फोटोत मात्र फक्त पकडणारेच दिसतात, घेणाऱ्याला कधी कुणी उकिडवं बसवलंय?

मारणारा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. वाघामागे लागणाऱ्या टोळ्या पोटासाठी रानात शिरत नाहीत, हेही मान्य. पण मांडुळाला 'दोन तोंडं' असतात आणि त्याने पैशाचा पाऊस पडतो, ही अफवा त्या पकडणाऱ्याने नाही काढली. खवले मांजराचे खवले म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य, तरी औषध म्हणून त्यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून कोकणातलं ते गरीब जनावर पोत्यात जातं. गिऱ्हाईक नसेल तर घोरपडीच्या बिळाशी दिवसभर कोण बसेल?

मामा वाईट नाहीत हो. रस्ता गावाबाहेरून गेला, दुकान बसलं, मुलींची लग्नं व्हायची होती. त्या काळात एका महाराजाने ही डबी त्यांच्या हातात दिली आणि बक्कळ पैसे घेतले. घाबरलेला माणूस घेतो. मला ते कळतं, आणि मामींचा तेव्हाचा चेहरा आठवला की रागावताही येत नाही.

पण मग त्या फोटोतल्या माणसाच्या घरीही मुली असतील ना? त्याची अडचण म्हणजे गुन्हा आणि आपली अडचण म्हणजे श्रद्धा, हे मला अजिबात पटत नाही. महाराज तर दोघांच्याही पैशावर मोकळा फिरतोय.

कुणी 'धर्मावर बोलू नका' लिहिणार असेल तर लिहू नका, मी उत्तर देणार नाही. ज्यांच्या देव्हाऱ्यात, गल्ल्यात, तिजोरीत ही वस्तू आहे त्यांनी ती पुढे कुणाला देऊ नये, विकू नये. वनविभागाचा 1926 हा नंबर आहे, तिथे विचारा. मामा, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. रविवारी मी येते, वनविभागाच्या ऑफिसात आपण दोघं मिळून जाऊ.