होल्डिंग डिपॉझिट ‘बुडीत धरा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

इंग्लंडमधील विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून ‘यूकेमध्ये घर घेताना’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या फिरतो आहे. लीड्सला निघालेल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली विचारले, “मावशी, एवढे पैसे वेगळे काढून ठेवावेच लागतील ना?” शैक्षणिक कर्जाच्या रकमेत हा खर्च कसा बसवायचा, याची आकडेमोड तिच्या घरी सुरूसुद्धा झाली होती. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: घर अडवून ठेवण्यासाठी एका महिन्याचे भाडे होल्डिंग डिपॉझिट म्हणून भरावे लागते आणि ते परत मिळत नाही, ते बुडीतच धरावे, रेफरन्सिंगची, म्हणजे भाडेकरूच्या पडताळणीची, फी वेगळी द्यावी लागते, सुरक्षित राहण्यासाठी एकाच वेळी दोन-तीन घरांवर पैसे भरून ठेवावेत, अर्जात स्थानिक नोकरी आणि पगार दाखवावा, कारण ते कोणी तपासत नाही, सहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावेच लागते, आणि घर सोडताना अनामत रक्कम परत मिळण्याची आशा धरू नये.

यातील पहिले दोन दावे सरळ चुकीचे आहेत. इंग्लंडमध्ये ‘टेनन्ट फीज ॲक्ट २०१९’ हा कायदा १ जून २०१९ पासून लागू आहे. भाडेकरूकडून कोणकोणते पैसे घेता येतात याची यादी त्या कायद्यात दिलेली आहे आणि त्या यादीबाहेरचा एक पेनीही घरमालकाला किंवा एजंटाला मागता येत नाही. रेफरन्सिंगची फी, क्रेडिट तपासणीची फी, करार तयार करण्याची फी, घरातील सामानाची यादी करण्याची फी, यांपैकी काहीही त्या यादीत नाही. होल्डिंग डिपॉझिट यादीत आहे, पण त्याची मर्यादा एका आठवड्याच्या भाड्याइतकी आहे. महिना ७८० पौंड भाड्याचे घर असेल तर वर्षाचे ९,३६० पौंड होतात, त्यांना ५२ ने भागले की १८० पौंड उरतात. एजंटाने याहून अधिक मागितले तर तो कायदा मोडतो आहे. २०१९ पूर्वी इंग्लंडमध्ये एजंट पडताळणीपासून कागदपत्रांपर्यंत प्रत्येक गोष्टीची फी लावत असत, हे मात्र खरे. त्या काळात तिथे शिकून आलेल्या कोणाच्या तरी अनुभवातून हा मुद्दा आला असेल, तर तो तेव्हापुरता बरोबर होता एवढे मान्य करते.

आता ‘परत मिळत नाही’ या दाव्याकडे वळते, कारण सर्वाधिक नुकसान त्यातूनच होणार आहे. होल्डिंग डिपॉझिट कधी परत करायचे आणि कधी ठेवून घेता येते, हे या कायद्याच्या परिशिष्ट २ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. करार झाला, घरमालकाने स्वतःहून नकार दिला किंवा ठरलेली मुदत करार न होता संपली, तर सात दिवसांच्या आत पैसे परत करावे लागतात. दोन्ही बाजूंनी लेखी वेगळे ठरवले नसेल, तर ही मुदत पैसे मिळाल्यापासून पंधराव्या दिवशी संपते. करार झाल्यावर ती रक्कम भाडेकरूच्या संमतीने पहिल्या भाड्यात किंवा अनामत रकमेत वळती करता येते. पैसे ठेवून घेण्याची कारणे चारच आहेत: भाडेकरूने स्वतः माघार घेतली, त्याने करार पूर्ण करण्यासाठी आवश्यक ती वाजवी पावले उचलली नाहीत, इंग्लंडमध्ये भाड्याने राहण्याचा त्याचा हक्क सिद्ध झाला नाही, किंवा त्याने खोटी अथवा दिशाभूल करणारी माहिती दिली. यांपैकी एखादे कारण लावायचे असेल तर तेही सात दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते, नाही तर रक्कम परत करावीच लागते.

ही चार कारणे वाचून संदेशातील सल्ले पुन्हा पाहावेत. एकाच वेळी तीन घरांवर पैसे भरायचे म्हणजे त्यांपैकी दोन घरांतून माघार घेणे आधीच ठरलेले आहे. माघार हे पैसे ठेवून घेण्याचे पहिले कारण आहे, म्हणजे १८० पौंडांच्या हिशेबाने ३६० पौंड हातचे गेले. एका घरासाठी एका वेळी एकच होल्डिंग डिपॉझिट घेता येते, हे बंधन एजंटावरही आहे. त्याने तुमच्यासाठी घर थांबवायचे आणि तुम्ही खरोखर ते घेण्याच्या इराद्याने पैसे भरायचे, असा हा दोन्ही बाजूंचा व्यवहार आहे.

नोकरी आणि पगार खोटा दाखवण्याचा सल्ला तर घातकच आहे, आणि तो वडीलधाऱ्या माणसांनी मुलांना पुढे पाठवावा याचा मला राग येतो. ‘कोणी तपासत नाही’ हे विधान रेफरन्सिंग म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाचे आहे, कारण तपासणे हेच त्या प्रक्रियेचे काम आहे. एजंट हे काम बहुधा एखाद्या पडताळणी करणाऱ्या कंपनीकडे देतो. ती कंपनी नोकरी देणाऱ्याला विचारते, आधीच्या घरमालकाला विचारते, बँकेची विवरणपत्रे मागते आणि क्रेडिटचा इतिहास पाहते. वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या सुमारे तीसपट असावे, असा ठोकताळा अनेक एजंट लावतात, म्हणजे ७८० पौंडांसाठी २३,४०० पौंड. पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना सर्वसाधारणपणे आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. अजून भारतातून निघालेलीसुद्धा नाही अशा मुलीने एवढ्या पगाराची नोकरी अर्जात लिहिली, तर तिचा व्हिसाच तिला खोटे ठरवतो. त्यानंतर एजंटाने होल्डिंग डिपॉझिट ठेवून घेतले तर तो कायद्याला धरूनच वागेल आणि तिला तक्रारीला जागा उरणार नाही. याउलट, तिने खरी माहिती दिली, उत्पन्न नाही असे स्वच्छ लिहिले आणि तेवढ्या कारणावरून घरमालकाने नकार दिला, तर तिची पूर्ण रक्कम परत मिळायला हवी. प्रामाणिकपणे अर्ज करून पडताळणीत न बसणे हे त्या चार कारणांत येत नाही.

नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचा इंग्लंडमध्ये क्रेडिटचा इतिहास नसतो, हे एजंटांनाही माहीत असते. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच कर्जमंजुरीचे पत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, पालकांच्या खात्याची विवरणपत्रे दाखवून ‘एवढ्यावर चालेल का’ असे ईमेलवर विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. गॅरंटर, म्हणजे जामीनदार, मागणे बेकायदा नाही. त्यासाठी फी मागणे बेकायदा आहे. भाड्याने राहण्याच्या हक्काची तपासणी शेअर कोडने, म्हणजे व्हिसाची स्थिती दाखवण्यासाठी सरकारी संकेतस्थळावरून मिळणाऱ्या कोडने, होते आणि त्या तपासणीलाही पैसे पडत नाहीत.

सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्याबाबत संदेशात अर्धे सत्य आहे. इंग्लंडमध्ये जामीनदार नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडून अशी मागणी सर्रास होत असे आणि तिला कायद्याची आडकाठी नव्हती. पण ‘रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५’ नुसार १ मे २०२६ पासून होणाऱ्या खासगी भाडेकरारांत, करारावर सही होण्याआधी आगाऊ भाडे घेता येत नाही आणि सही झाल्यावर, भाडेकाळ सुरू होण्यापूर्वी, फार तर एका महिन्याचे घेता येते. विद्यापीठांच्या वसतिगृहांना हा नियम लागू नाही, त्यामुळे तिथल्या हप्त्यांचे वेळापत्रक वेगळे पाहावे लागते.

अनामत रकमेचीही तीच गत. वर्षाचे भाडे ५०,००० पौंडांहून कमी असेल तर ती पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा, म्हणजे आपल्या उदाहरणात ९०० पौंडांपेक्षा, जास्त असू शकत नाही. नेहमीच्या खासगी भाडेकरारात ती तीस दिवसांच्या आत सरकारमान्य संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. तसे न केल्यास न्यायालय घरमालकाला त्या रकमेच्या एक ते तीन पट भरपाई द्यायला लावू शकते. कपातीवरून वाद झाला तर योजनेची मोफत निवाड्याची सोय आहे.

हे सगळे नियम इंग्लंडचे आहेत. वेल्सचा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथेही होल्डिंग डिपॉझिटची मर्यादा एका आठवड्याचीच आहे. स्कॉटलंडमध्ये भाडे आणि परत मिळणारी अनामत यांपलीकडे फी घेता येत नाही. इंग्लंडमध्ये एजंटाने जास्त पैसे घेतले असतील, तर आधी त्याला कायद्याचे नाव घालून ईमेल लिहावा. दाद मिळाली नाही तर स्थानिक कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स, म्हणजे ग्राहक संरक्षणाच्या, विभागाकडे किंवा एजंट ज्या तक्रार निवारण योजनेचा सभासद आहे तिच्याकडे तक्रार करावी. प्रत्येक एजंटाला अशा योजनेचे सभासदत्व सक्तीचे आहे. एवढ्यानेही पैसे मिळाले नाहीत तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, वसुलीचा अर्ज करता येतो. आणि ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला आहे, त्यांनी निदान खोट्या पगाराचा मुद्दा मागे घेतल्याचे त्याच गटांत लिहावे, कारण मुले आत्ताच अर्ज भरत आहेत.